आधी पत्ता, मग बाकी सगळं: कीलला राहायला जाणाऱ्या भायखळेकरांसाठी

भायखळ्याहून डॉकयार्ड रोडच्या दिशेने निघालं की थोड्याच वेळात माझगाव डॉकच्या क्रेन दिसू लागतात. या क्रेनचं आणि जर्मनीतल्या बाल्टिक समुद्राकाठच्या कील शहराचं नातं जुनं आहे. १९८१ साली भारताने कीलच्या एचडीडब्ल्यू या जहाजबांधणी कारखान्याशी पाणबुड्यांचा करार केला. शिशुमार आणि शंकुश या पहिल्या दोन पाणबुड्या कीलमध्ये बांधल्या गेल्या आणि १९८६ साली नौदलात दाखल झाल्या. पुढच्या दोन, शल्की आणि शंकुल, माझगाव डॉकमध्येच बांधल्या गेल्या. शल्की १९९२ साली नौदलात आली, ती भारतात बांधलेली पहिली पाणबुडी. करारात प्रशिक्षणाचाही भाग होता, त्यामुळे या किनाऱ्यावरच्या माणसांनी तो किनारा चाळीस वर्षांपूर्वीच पाहिला. एचडीडब्ल्यूचा कारखाना आज टीकेएमएस या नावाने चालतो. त्या कंपनीने आणि माझगाव डॉकने २०२३ साली नव्या पाणबुड्यांसाठी सामंजस्य करार केल्यापासून कीलचं नाव डॉकयार्ड रोडवर पुन्हा ऐकू येऊ लागलं आहे.

फरक इतकाच, की कराराखाली जाणाऱ्यामागे एक संस्था उभी असते. आज कीलला, रोस्टॉकला किंवा ब्रेमरहाफेनला जाणारे बरेच जण एमएसचे विद्यार्थी, परिचारिका किंवा नोकरी मिळालेले इंजिनीअर असतात. घर, बँक, विमा, सरकारी कचेरी हे सगळं त्यांना एकट्याने निस्तरावं लागतं. त्यांचे प्रश्नही ठरलेले. खोली मिळेपर्यंत हॉटेलात राहिलं तर चालेल का? कागदांना अपॉस्टील लागतं का? खातं आधी की नोंदणी आधी? तूप नेऊ देतात का?

बहुतेक गोंधळ एकाच ठिकाणी उगम पावतो. मुंबईत आधार आणि मोबाइल नंबर असला की कामं पुढे सरकतात. जर्मनीत ती सरकतात नोंदवलेल्या पत्त्यावर. पत्ता नोंदवला की कर क्रमांक येतो, त्यावर पगार नीट निघतो, बँक आणि विम्याची पत्रं येतात, राहण्याचा परवाना मिळतो. म्हणून खालची कामं ज्या क्रमाने दिली आहेत, शक्यतो त्याच क्रमाने करा.

निघण्यापूर्वी: नाव एकच ठेवा

मराठी माणसाची पहिली अडचण नावाची असते. पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव लागलेलं असतं. जर्मन कार्यालयाच्या दृष्टीने आडनावाआधीचं सगळं हे तुमचंच नाव. विमानाच्या तिकिटावर एक, विम्यावर दुसरं आणि भाडेकरारावर तिसरं असं झालं, की प्रत्येक खिडकीवर खुलासा करत बसावं लागतं. म्हणून पासपोर्टवर जे छापलं आहे तेच, त्याच स्पेलिंगने, सगळीकडे लिहा. वडिलांचं नाव गाळू नका.

- पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर व्हिसाच्या अर्जाआधीच दुरुस्ती करून घ्या.
- नाव बदललं असेल आणि राजपत्रात प्रसिद्ध झालं असेल, तर त्या राजपत्राची प्रत सोबत ठेवा.
- जन्मदाखला जन्म झाला त्या वॉर्डातून मिळतो, राहता त्या वॉर्डातून नव्हे. मसीना किंवा जे. जे. रुग्णालयात जन्म झाला असेल तर भायखळ्याचं ई वॉर्ड कार्यालय, केईएममध्ये झाला असेल तर परळचं एफ दक्षिण. जुन्या दाखल्यावर बाळाचं नावच नसतं. तसं असेल तर नाव घालून नवा दाखला काढा.
- पती किंवा पत्नी नंतर येणार असेल तर लग्नाची नोंदणी आताच करून घ्या. हॉलची पावती आणि पत्रिका तिथे पुरावा ठरत नाहीत.

अपॉस्टीलवर पैसे घालवण्याआधी

परदेशी जायचं म्हटलं की एजंट अपॉस्टीलचा, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मारलेल्या शिक्क्याचा, दर सांगून मोकळा होतो. भारत २००५ साली अपॉस्टीलच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला हे खरं, पण जर्मनीने त्या वेळी भारताच्या प्रवेशाला हरकत नोंदवली. त्यामुळे दोन देशांमध्ये हा करार लागू झाला नाही. पोर्तुगाल किंवा स्पेनसाठी चालणारा शिक्का जर्मनीसाठी निरुपयोगी ठरू शकतो. गरज पडलीच तर जर्मन दूतावास आपल्या पद्धतीने कागदांची पडताळणी करून घेतो. तुमच्या कागदाला नेमकं काय हवं, ते ज्या कार्यालयात तो द्यायचा आहे त्याच्याकडून लेखी मागवा आणि मगच खर्च करा.

विद्यार्थ्यांसाठी मात्र एक कागद टाळता येत नाही. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतातून जर्मनीत शिकायला जाणाऱ्यांना, मोजके अपवाद सोडता, एपीएस प्रमाणपत्र लागतं. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिका त्यातच तपासल्या जातात. प्रवेशपत्र आल्यावर नव्हे, प्रवेशाचा अर्ज करतानाच त्याचं काम सुरू करा.

व्हिसा नाकारला गेला तर पूर्वी वाणिज्य दूतावासाकडेच फेरविचार मागता येत असे. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली आहे. आता नवा अर्ज करणं किंवा बर्लिनच्या न्यायालयात दाद मागणं हे दोनच मार्ग उरतात. अर्धवट अर्ज देऊन नंतर कागद जोडू, ही सवय इथे महाग पडते.

पैसे: अडकवलेले आणि हाताशी असलेले

विद्यार्थ्याला एका वर्षाचा खर्च गोठवलेल्या खात्यात ठेवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. तिथे गेल्यावर दरमहा ९९२ युरो मिळतात, जास्त नाही. युरोचा दर शंभरीच्या आसपास धरला तर ही रक्कम १२ लाखांच्या घरात जाते, आणि इथेच घरच्यांची गल्लत होते.

- १ एप्रिल २०२५ पासून परदेशी पाठवलेल्या रकमेवर आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवताना बँकेने कापून घ्यायचा कर, लागत नाही. वरच्या रकमेवर लागतो.
- मर्यादा पैसे पाठवणाऱ्याच्या पॅनवर मोजली जाते. आई आणि वडील दोघेही पाठवणार असतील तर बँकेशी बोलून आखणी करा.
- मान्यताप्राप्त बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर टीसीएस नाही.
- कापला गेलेला टीसीएस बुडत नाही. ज्याच्या पॅनवर कापला त्याने विवरणपत्र भरून तो वळता करून घ्यायचा असतो.

गोठवलेलं खातं पहिल्याच दिवशी उघडत नाही. नोंदणी, तिथलं बँक खातं आणि ओळखीची तपासणी झाल्यावर पैसे सुटतात, त्यात काही आठवडे जातात. तोवरचा खर्च आणि घराचं डिपॉझिट यासाठी वेगळी तजवीज हवी. ती फॉरेक्स कार्डवर ठेवा. नोटांच्या रूपात परकीय चलन एका प्रवासात ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंतच नेता येतं.

भायखळ्यातलं बचत खातंही विसरू नका. नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी परदेशी राहायला गेलेल्या व्यक्तीचं निवासी खातं अनिवासींसाठीच्या एनआरओ खात्यात बदलावं लागतं. निघण्याआधी शाखेत अर्ज देऊन ठेवा आणि ओटीपी येणारा भारतीय नंबर रोमिंगवर चालू ठेवा.

बॅगेत बोंबील चालतील, पेढे नाहीत

युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. म्हणजे तूप, पेढे, खवा, पनीर, श्रीखंड घरीच राहू द्या. आजीने कितीही घट्ट बांधून दिलेलं असलं, तरी सापडलं की ते जप्त होतं. मासळीला मात्र वेगळा नियम आहे. स्वतःच्या खाण्यासाठी २० किलोपर्यंत मासे नेता येतात आणि त्यात सुकी मासळीही धरलेली आहे. सुके बोंबील, सोडे, जवळा व्यवस्थित हवाबंद करून न्या. बॅगेतले कपडे त्यापासून वाचवायचे असतील तर दुहेरी पिशवी बांधा.

- ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्याशिवाय हापूसची पेटी अडवली जाते. नारळ, केळी, अननस, खजूर यांना त्यातून सूट आहे.
- कोरडे मसाले, गोडा मसाला, डाळी चालतात. हाताने बांधलेल्या पुड्यांपेक्षा छापील वेष्टन बरं.
- नेहमीची औषधं स्वतःच्या वापरापुरती, साधारण तीन महिन्यांची, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या.
- छत्रीऐवजी टोपीचं पावसाळी जाकीट घ्या. कीलचा पाऊस आडवा येतो आणि मुंबईची छत्री त्या वाऱ्यात पहिल्या आठवड्यातच उलटते.

घर: पर्याय आणि सापळे

कील लहान आहे. लोकवस्ती सुमारे अडीच लाख, म्हणजे एकट्या ई वॉर्डात याहून जास्त माणसं राहतात. भाड्याची घरं कमी आणि ऑक्टोबरमध्ये सत्र सुरू होताना मागणी सर्वांत जास्त. जूनच्या शेवटी कीलर वोखं हा १८८२ पासून चालत आलेला नौकाशर्यतींचा आठवडा असतो. त्या दिवसांत हॉटेलाची खोली मिळणंही कठीण. शक्य असेल तर सप्टेंबरच्या सुरुवातीला पोहोचा.

पर्याय साधारण चार आहेत.

१. विद्यार्थी वसतिगृह. सर्वांत स्वस्त, पण प्रतीक्षायादी लांब. प्रवेशपत्र हातात पडल्या दिवशीच नाव नोंदवा.

२. सामायिक घरातली खोली. तिथे याला वेगे म्हणतात. राहणारेच तुमची मुलाखत घेतात. जर्मन भाषेत चार ओळींचा नेटका परिचय लिहून पाठवलात तर उत्तर येण्याची शक्यता वाढते.

३. पोटभाड्याची खोली. सहा महिने बाहेर जाणारा विद्यार्थी आपली खोली देतो. मूळ घरमालकाची परवानगी आहे का, ते लेखी पाहा.

४. समुद्राकाठचं सुट्टीचं घर. लाबोसारख्या जवळच्या गावांत ही घरं हिवाळ्यात स्वस्त मिळतात. पण ईस्टरच्या सुमारास पर्यटक येऊ लागले की भाडं वाढतं किंवा घर सोडावं लागतं, आणि अनेक मालक पत्ता नोंदवू देत नाहीत. तसं असेल तर ते घर तुमच्या उपयोगाचं नाही.

कुठल्या भागात राहावं? पूर्व किनाऱ्यावरचं गार्डन ही जहाज कारखान्याला लागून वाढलेली कामगारवस्ती आहे. गिरण्यांच्या आधाराने वाढलेल्या लालबाग-परळच्या माणसाला ती परकी वाटणार नाही. भाडं कमी, दुकानं तुर्की, वर्दळ भरपूर. पश्चिम किनाऱ्यावरचं ड्यूस्टर्नब्रोक देखणं आणि महाग. दोन किनाऱ्यांमध्ये बोट धावते आणि ती शहर वाहतुकीचाच भाग आहे. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला जाणाऱ्यांना हे नवं नाही.

भाड्याची जाहिरात वाचताना दोन शब्द शोधा. काल्ट म्हणजे फक्त जागेचं भाडं, वार्म म्हणजे त्यात हीटिंग आणि पाण्याचा खर्च धरलेला. वीज आणि इंटरनेट बहुधा त्याबाहेर असतात. रिकाम्या फ्लॅटमध्ये अनेकदा स्वयंपाकघराचा ओटा, सिंक, शेगडी काहीच नसतं. आधीचा भाडेकरू ते सोबत घेऊन गेलेला असतो, त्यामुळे आधी विचारा.

हे दिसलं तर थांबा

- मालक म्हणतो, मी परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअरने येईल.
- खोली व्हिडिओ कॉलवरही दाखवत नाही.
- भाडं आसपासच्या खोल्यांपेक्षा निम्मं आहे.
- करार होण्याआधीच पासपोर्टच्या सगळ्या पानांची प्रत मागतो.

भाडेकरूचे हक्क

- डिपॉझिट तीन महिन्यांच्या काल्ट भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. ते तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे. पहिला हप्ता भाडं सुरू होताना द्यायचा.
- घर ताब्यात घेताना प्रत्येक डाग, तडा, ओरखडा लिहिलेली यादी दोघांच्या सहीने करा आणि फोटो काढा. निघताना डिपॉझिट कापलं जाणार की नाही, ते याच यादीवर ठरतं.
- साध्या करारात भाडेकरूने तीन महिन्यांची नोटीस द्यायची असते, तीही सही केलेल्या कागदावर. व्हॉट्सअॅपवर कळवलेलं धरलं जात नाही.
- वर्षाचा हीटिंग-पाण्याचा हिशेब हिशेबाचं वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत द्यावा लागतो. त्यानंतर मालकाला सहसा जादा पैसे मागता येत नाहीत.
- वाद झालाच तर भाडेकरू संघटना आहेत. थोडी वार्षिक वर्गणी भरून कायदेशीर सल्ला मिळतो.

पहिले चौदा दिवस

हॅम्बुर्ग विमानतळावर उतरून रेल्वेने कील गाठता येतं. हॅम्बुर्ग मुख्य स्थानकापासून साधारण सव्वा तास. तिथून पुढे हा क्रम ठेवा.

१. घरमालकाचा दाखला घ्या. वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग असं त्याचं लांबलचक नाव आहे. नुसता भाडेकरार चालत नाही. हा दाखला देणं मालकावर बंधनकारक आहे. पोटभाड्यात तो मूळ भाडेकरू देतो.

२. पत्ता नोंदवा. याला आनमेल्डुंग म्हणतात. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या नागरिक कार्यालयात ती करायची असते, उशीर झाला तर दंड होऊ शकतो. अपॉइंटमेंट भायखळ्यातूनच ऑनलाइन घेऊन ठेवा. पासपोर्ट, व्हिसा, मालकाचा दाखला आणि कुटुंब असेल तर लग्नाचा व जन्माचा दाखला न्या. मराठीतल्या कागदांचं जर्मन भाषांतर न्यायालयाने नेमलेल्या भाषांतरकाराकडूनच हवं.

३. पत्रपेटीवर नाव लावा. यावर पुढे सविस्तर.

४. बँक खातं उघडा. जर्मनीत कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येकाला मूलभूत खात्याचा हक्क २०१६ पासून आहे. नवीन आहात, पगार नाही, या सबबीवर ते नाकारता येत नाही. लेखी नकार मागा, बहुधा मार्ग निघतो.

५. कर क्रमांकाची वाट पाहा. अकरा अंकी क्रमांक काही आठवड्यांत टपालाने येतो. तो नोकरीच्या ठिकाणी दिला नाही तर पगारातून जास्त कर कापला जाऊ शकतो. जास्तीचा कर नंतर विवरणपत्र भरून परत मिळतो.

६. राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करा. व्हिसा सहा महिन्यांचा आहे म्हणून पाचव्या महिन्यापर्यंत थांबू नका. तारखा लांबच्या मिळतात.

हॉटेल किंवा यूथ हॉस्टेलचा पत्ता सहसा नोंदवू देत नाहीत. हॉटेलात उतरून मग शोधू, हा बेत इथेच फसतो. क्रमांक एक मिळत नाही, म्हणून दोन ते सहा अडकून पडतात.

पत्रपेटी: चाळीतला पोस्टमन इथे नाही

भायखळ्याच्या चाळीत पत्त्यावर फक्त आडनाव असलं तरी पत्र बरोबर दारात येतं, कारण पोस्टमन तीन पिढ्या ओळखतो. कीलमध्ये खोली क्रमांक पत्त्यात बहुधा नसतोच. पत्रवाहक फक्त पेटीवरचं नाव वाचतो. नाव नसेल तर पत्र परत जातं, मग ते बँक कार्ड असो, विमा असो की परवान्याची तारीख. दुसऱ्याच्या घरात राहत असाल तर पत्त्यात त्याचं नावही टाका.

- पिवळ्या पाकिटातलं पत्र म्हणजे सरकारी किंवा न्यायालयीन बजावणी. पाकिटावर तारीख असते आणि मुदत त्याच दिवसापासून मोजली जाते, तुम्ही उघडल्यापासून नव्हे. पाकीट फेकू नका.
- सरकारी आदेशावर हरकत घ्यायची मुदत सहसा एक महिना. भाषा समजत नसेल तर विद्यापीठाचं सल्ला केंद्र गाठा.
- नोंदणी झाली की काही आठवड्यांत रेडिओ-दूरचित्रवाणी शुल्काचं पत्र येतं. घरात टीव्ही नसला तरी ते भरावं लागतं, महिन्याला १८.३६ युरो. ते माणशी नसून घरामागे असतं. चौघे राहत असाल तर एकाने भरायचं आणि बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवायचा.

विमा: एकदाच होणारी चूक

तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला सरकारी आरोग्य विम्याचा सवलतीचा दर मिळतो. स्वस्त दिसतो म्हणून सुरुवातीला खासगी विमा घेतला आणि सरकारी विम्यातून सूट मागितली, तर शिक्षण संपेपर्यंत परतीचं दार बंद होतं. म्हणून तीस वर्षांखालच्यांनी आधी सरकारी विमाच पाहा. नोकरदाराच्या सरकारी विम्यात कमाई नसलेली पत्नी किंवा पती आणि मुलं जादा हप्त्याशिवाय येतात.

मुंबईसारखं थेट तज्ज्ञाकडे किंवा मोठ्या रुग्णालयात जाण्याची तिथे पद्धत नाही. आधी घराजवळचा फॅमिली डॉक्टर. रात्री किंवा सुट्टीत ताप आला तर ११६११७, जिवावर बेतलं किंवा आग लागली तर ११२, पोलीस हवे असतील तर ११०.

दुसऱ्याच्या वस्तूचं नुकसान भरून देणारा हाफ्टफ्लिष्ट विमाही घ्या. इमारतीची मुख्य चावी हरवली तर सगळी कुलपं बदलण्याचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो, तो या विम्यात येतो की नाही ते पाहून घ्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये बाल्टिकच्या वादळी भरतीने या किनाऱ्यावर मोठं नुकसान केलं. घरगुती सामानाचा साधा विमा अशी भरती सहसा धरत नाही. धक्क्याजवळ राहत असाल तर तळघरात लॅपटॉप आणि प्रमाणपत्रांची पेटी ठेवू नका.

काम: किती आणि कोणत्या अटींवर

- मार्च २०२४ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. तास लिहून ठेवा. मर्यादा ओलांडली तर परवाना नूतनीकरणात अडचण येते.
- किमान वेतन जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे. बंदरावरच्या हॉटेलात रोखीने त्याहून कमी देऊ केलं तर नाही म्हणा. बेकायदा कामाचा ठपका तुमच्यावरही येतो.
- पाच दिवसांच्या आठवड्यासाठी वर्षाला किमान २० दिवसांची भरपगारी रजा कायद्याने मिळते.
- नोकरी लागून चार आठवडे झाल्यानंतर आजारी पडलात तर सहा आठवड्यांपर्यंत पगार चालू राहतो. पहिल्या दिवशीच मालकाला कळवा.
- कामावरून काढल्याचं पत्र मिळालं तर कामगार न्यायालयात जायला फक्त तीन आठवडे असतात. आधी बोलून पाहू, यात ते निघून जातात.
- भारतातल्या कंपनीने काही काळासाठी पाठवलं असेल तर ईपीएफओकडून संरक्षण प्रमाणपत्र घेऊनच निघा. भारत आणि जर्मनीतल्या २०१७ पासून लागू असलेल्या करारामुळे ४८ महिन्यांपर्यंत दोन्हीकडे पेन्शनची वर्गणी भरावी लागत नाही.

परवाना संपत आला आणि तारीख मिळत नाही

इथे घाबरून परत यायची गरज नसते. जुना व्हिसा संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज पोहोचला असेल, तर निर्णय होईपर्यंत तुमचं राहणं कायदेशीर मानलं जातं. त्याचा तात्पुरता दाखला मागून घ्या. अर्ज केल्याचा पुरावा म्हणून ईमेलची पोच, अपलोडची पावती, सगळं जपा. त्या काळात गणपतीला मुंबईत यायचं असेल तर तिकीट काढण्याआधी त्या दाखल्यावर पुन्हा प्रवेश मिळतो का, ते कार्यालयाला विचारा. भारतीय पासपोर्टची कामं हॅम्बुर्गच्या भारतीय वाणिज्य दूतावासात होतात.

भारतीय वाहन परवाना तिथे स्थायिक झाल्यापासून सहा महिनेच चालतो. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. ताडदेव आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना ही मुदत वाढवत नाही.

शेजार, रविवार आणि अंधार

उत्तर जर्मनीत सकाळ असो वा रात्र, अभिवादन एकच: मोइन. जिन्यात भेटलेल्याला ते म्हणा, ओळख तिथूनच सुरू होते. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते आणि रविवारी दिवसभर. वाटणाचा मिक्सर आणि खलबत्ता शनिवारीच आटपा. दुकानंही रविवारी बंद असतात, त्यामुळे दूध आणि ब्रेड आदल्या दिवशी आणून ठेवा. घरात धुराचा गजर बसवलेला असतो. लाल मिरचीची फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार बंद आणि खिडकी उघडी ठेवा.

किनाऱ्याच्या दमट हवेत बंद खोलीला बुरशी लवकर धरते आणि तिचा खर्च भाडेकरूच्या माथी मारला जाऊ शकतो. थंडीतही दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडा. फटीएवढी उघडून दिवसभर ठेवली तर भिंत गार पडते आणि बुरशी वाढते.

बस किंवा रेल्वेत तपासनीस रोज दिसत नाही, पण विनातिकीट सापडलात तर ६० युरो दंड. देशभर चालणारं मासिक तिकीट २०२६ मध्ये ६३ युरोंना आहे. ते आपोआप चालू राहतं. बंद करायचं असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवावं लागतं.

डिसेंबरात कीलला साडेआठच्या सुमारास सूर्य उगवतो आणि चारच्या सुमारास अंधार पडतो. नोव्हेंबरपासून मन उदास होऊ लागलं तर तो तुमचा कमकुवतपणा समजू नका. विद्यापीठांत मानसोपचाराची मोफत सल्लाकेंद्रं असतात, तिथे लवकर वेळ घ्या.

भायखळ्यात मागे काय ठेवाल

घरच्यांकडे एक फाइल ठेवा. तिच्यात पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, तिथला पत्ता नोंदवल्याचा दाखला, विम्याचा क्रमांक, विद्यापीठाच्या किंवा कंपनीच्या कार्यालयाचा फोन आणि हॅम्बुर्ग दूतावासाचा पत्ता असू द्या. बँकेची आणि वॉर्डातली कामं करण्यासाठी विश्वासातल्या एकाच्या नावे मुखत्यारपत्र करून जा. तिथून ते करायचं म्हटलं तर हॅम्बुर्गची फेरी ठरलेली.

फोनची वेळही आधीच ठरवा. उन्हाळ्यात कील आपल्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं बदलतात. त्या दिवशी ठरल्या वेळी फोन आला नाही तर घरच्यांनी आधी घड्याळ पाहावं.

आणि परतण्याचं ठरलं की घर सोडण्याच्या सुमारास त्याच नागरिक कार्यालयात पत्ता रद्द करून घ्या. त्यालाही दोनच आठवड्यांची मुदत असते. त्या रद्द झाल्याच्या कागदावर विमा, फोन आणि रेडिओ शुल्क थांबतं. तो न घेता मुंबईला आलेल्यांच्या नावाने कीलच्या जुन्या पत्रपेटीत बिलं येत राहतात.